ड्रॅग शर्यत : चारशे मीटर आणि घर्षणाचे गणित

घर्षणांकाचे मूल्य १ पेक्षा जास्त असू शकते का? हा प्रश्न अकरावीच्या वर्गात विचारून पाहावा. बरेच विद्यार्थी ठामपणे 'नाही' म्हणतील, आणि खरे सांगायचे तर काही शिक्षकही. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. पुस्तकांतल्या तक्त्यांत लाकडावर लाकूड, धातूवर धातू अशा जोड्या असतात आणि त्यांचे आकडे ०.२, ०.४, ०.६ असे असतात. सतत अपूर्णांकच पाहिल्यामुळे १ ही जणू निसर्गाने आखून दिलेली मर्यादा आहे असे वाटू लागते. या समजुतीला खोटे पाडणारा एक मोठा, गोंगाटाचा आणि पुष्कळ खर्चाचा प्रयोग अमेरिकेत सत्तरहून अधिक वर्षे चालू आहे. तो प्रयोगशाळेत नव्हे, तर ड्रॅग शर्यतीच्या धावपट्टीवर चालतो.

ड्रॅग शर्यत समजायला अगदी सोपी आहे. सरळ, सपाट पट्टीवर दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात. खूण होताच थांबलेल्या अवस्थेतून सुटायचे आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर अंतर तोडायचे. वळण नाही, फेऱ्या नाहीत. आधी पोचेल तो पुढच्या फेरीत, मागे राहील तो घरी. (भौतिकीत हवेच्या रोधालाही ड्रॅग म्हणतात, पण शर्यतीच्या नावाशी त्याचा संबंध नाही.) दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या मोटारींची इंजिने खोलून, वाढवून त्या रस्त्यावरच पळवू लागले. अपघात होत, पोलीस मागे लागत. १९५० साली सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये 'हॉट रॉड' मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. मुलांना पळवू नका असे सांगून ती ऐकणार नाहीत, तेव्हा त्यांना पळवायला सुरक्षित जागा आणि नियम द्यावेत, हा पार्क्स यांचा विचार होता.

आता गणित करू. मोटार पुढे जाते ती कोणत्या बलामुळे? इंजिनामुळे, असे उत्तर येते. पण इंजिन मोटारीचाच भाग आहे. मोटारीला पुढे ढकलणारे बाह्य बल हवे. चाक रस्त्याला मागे रेटते आणि रस्ता चाकाला पुढे रेटतो. हे रेटणे म्हणजेच घर्षण. समजा मोटारीचे सर्व वजन मागच्या, इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर आहे. मग घर्षणाचे कमाल बल = घर्षणांक × वस्तुमान × जी, येथे जी म्हणजे गुरुत्वत्वरण, सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद. या बलाला वस्तुमानाने भागले की कमाल त्वरण मिळते : घर्षणांक × जी. वस्तुमान उडून गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या सूत्रात इंजिनाची शक्ती कोठेच नाही! शंभर अश्वशक्तीच्या जागी हजार बसवा, पकड अपुरी असेल तर चाके जागीच गरगरतील आणि धूर निघेल.

घर्षणांक १ पेक्षा जास्त नसतो असे क्षणभर मानू. मग त्वरण जास्तीत जास्त ९.८. अंतर = त्वरण × काळ × काळ ÷ २, या सूत्रात ४०२ मीटर घातले तर काळ येतो ९.०६ सेकंद आणि शेवटचा वेग सेकंदाला ८९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२० किलोमीटर. नऊ सेकंद आणि ताशी ३२० किलोमीटर. हवेचा रोध धरला तर प्रत्यक्षात याहून कमीच.

१ ऑगस्ट १९६४ रोजी न्यू जर्सीतील ग्रेट मेडोज येथे डॉन गार्लिट्स या चालकाने पाव मैलाच्या शेवटी ताशी २०१.३४ मैल वेग गाठला. म्हणजे ताशी ३२४ किलोमीटर. वेगाचा आकडा आपल्या मर्यादेच्या जेमतेम पलीकडचा आहे, पण वेळ पाहा : ७.७८ सेकंद. या वेळेवरून सरासरी त्वरण काढले तर सेकंदाला १३.३ मीटर प्रतिसेकंद येते, म्हणजे जी च्या १.३६ पट. घर्षणांक १ हून अधिक असल्याखेरीज हे शक्य नाही. आज सर्वांत वेगवान गटातील मोटारी जी च्या चौपट त्वरण घेऊन सुटतात. मर्यादा निसर्गाची नव्हती, आपल्या तक्त्यांची होती.

रबराचा स्वभाव

घर्षणाचे जे नियम आपण शिकवतो ते आमोंताँने १६९९ मध्ये मांडले आणि पुढे कूलोंबने ते पक्के केले. घर्षण दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. हे नियम निरीक्षणातून आलेले आहेत. न्यूटनच्या नियमांसारखे मूलभूत नाहीत. कठीण पदार्थांना ते बऱ्यापैकी लागू पडतात. दोन कठीण पृष्ठभाग एकमेकांना फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात, आणि दाब वाढला की त्याच प्रमाणात खरा स्पर्श वाढतो.

रबर मात्र मऊ आहे. रस्त्याच्या खडबडीत कणांभोवती ते ओघळल्यासारखे बसते, त्यामुळे खरा स्पर्श पुष्कळ असतो. शिवाय ते चिकटते, आणि कणांवरून घसरताना दाबले जाऊन पुन्हा फुगते, त्यातही ऊर्जा खर्च होते. रबराच्या बाबतीत तेच वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरले तर घर्षणांक वाढतो. म्हणून या मोटारींची मागची चाके जवळजवळ ४५ सेंटिमीटर रुंद असतात, त्यांवर खाचा नसतात, आणि त्यांत हवा कमी असते. आपण मोटारीच्या चाकात तीस-बत्तीस पौंड हवा भरतो. या चाकांत सहा-सात पौंडच. सुटताना त्यांच्या बाजू चुरगळलेल्या कापडासारख्या दिसतात.

शर्यतीपूर्वी चालक चाके पाण्यात भिजवून जागच्या जागी गरगरा फिरवतो आणि पांढऱ्या धुराचे लोट उठतात. प्रेक्षकांना तो तमाशा वाटतो, पण त्यामागे उद्देश आहे. रबर तापून मऊ होते, वरची धूळ जळून जाते आणि पट्टीवर रबराचा ताजा थर बसतो. पट्टीवर चिकट द्रावणही फवारलेले असते. तिच्यावरून चालताना बुटांचे तळ चिकटतात.

वर्गात याचा पडताळा सहज घेता येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून लहानशा ठोकळ्याच्या तळाला चिकटवा. एका फळीवर जाड पॉलिश कागद लावा, ठोकळा त्यावर ठेवा आणि फळी एका टोकाने हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागेल तो कोन मोजा. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजेच घर्षणांक. ४५ अंशांचा टॅन्जंट १ असतो, त्यामुळे ठोकळा ४५ अंशांच्या वरही टिकून राहिला तर प्रश्नाचे उत्तर वर्गासमोरच मिळते. दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड लागलेली असते. ती साबणाने धुवून, तुकडा कोरडा करून घ्यावा. आणि ठोकळा बसका असावा, नाहीतर घसरण्याऐवजी तो कलंडेल. नंतर तोच तुकडा मुद्दाम खडूच्या भुकटीत बुडवून पुन्हा मोजावे. आकडा किती खाली येतो ते पाहिले की चालक चाके का जाळतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

सर्व वजन मागे

मोटार झेपावते तेव्हा तिचा पुढचा भाग हलका होतो आणि भार मागच्या चाकांवर येतो. मोटारसायकलचे पुढचे चाक उचलले जाते ते यामुळेच. ड्रॅग शर्यतीत हे हवे असते, पण बेताने. पुढची चाके पूर्ण उचलली तर मोटार वळवता येत नाही. आघूर्णांचा हिशेब केला तर साधी अट मिळते. त्वरण जी च्या चौपट असेल, तर गुरुत्वमध्य मागच्या आसापासून त्याच्या उंचीच्या किमान चौपट पुढे हवा. नाहीतर मोटार मागे उलटेल. म्हणून वेगवान गटातील मोटार जमिनीलगत आणि अतिशय लांब असते. तिच्या पुढच्या व मागच्या आसांत ७.६ मीटर अंतर असते. मागे उंचावर एक उलटा पंख असतो. तो वेग वाढला की मोटारीला तिच्या स्वतःच्या वजनाहून अधिक बलाने खाली दाबतो. वजन न वाढवता लंब बल वाढवण्याची ही युक्ती आहे. वर पाहिले ना, वजन वाढवून काही मिळत नाही, ते उडून जाते.

गिअर बदलण्याची सोयच यात नसते. अनेक चकत्यांचा क्लच आधी घसरत राहतो आणि टप्प्याटप्प्याने पकडत जातो. वेगाने फिरणारे मऊ चाक स्वतःच ताणून उंच होते आणि गिअर बदलल्याचे थोडे काम करते.

इतक्या पकडीला साजेसे बल देण्यासाठी इंजिनही तसेच लागते. ८.२ लिटरच्या या इंजिनाची शक्ती अकरा हजार अश्वशक्तीच्या आसपास मानली जाते. इंधन म्हणजे ९० टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन. आता एक विरोधाभास पाहा. एक किलो पेट्रोल जळून सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, नायट्रोमिथेनपासून फक्त सुमारे ११. मग ते वापरायचे कशाला? कारण इंजिनात इंधन हवे तेवढे ओतता येते, तुटवडा असतो हवेचा. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजनचे दोन अणू असल्यामुळे त्याला १.७ किलो हवा पुरते. म्हणजे प्रत्येक किलो हवेमागे पेट्रोलची ऊर्जा ३ मेगाज्यूल, तर नायट्रोमिथेनची ६.५ हून जास्त. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी हे समीकरण मुलांकडून सोडवून घ्यावे. नायट्रोमिथेनचे चार रेणू, ऑक्सिजनचे तीन. त्यांतून कार्बन डायऑक्साइडचे चार, पाण्याचे सहा आणि नायट्रोजनचे दोन.

दिवा, डोळा आणि पाय

१९६३ पासून सुटण्याची खूण झेंड्याऐवजी दिव्यांच्या खांबाने दिली जाते. व्यावसायिक गटांत तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा लागतो. हिरव्याच्या आत सुटले तर लाल दिवा आणि बाद. नवख्याला वाटते, हिरवा पाहून निघावे. पण डोळ्याने पाहून पाय हलवायला माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. त्यानंतर क्लच पकडून चाक प्रकाशशलाकेतून बाहेर पडायला आणखी वेळ. म्हणून अनुभवी चालक पिवळा दिसताच निघतो. हिरवा दिवा त्याच्यासाठी खूण नसून मोजमापाचा शून्य असतो.

गंमत अशी की धावेचे घड्याळ हिरव्या दिव्याला नव्हे, तर चाक शलाकेतून सुटते त्या क्षणी सुरू होते. त्यामुळे कमी वेळ नोंदवणारी मोटार हरू शकते. समजा एका चालकाचा प्रतिसाद ०.०५ सेकंद आणि धाव ३.७४, दुसऱ्याचा ०.१० आणि धाव ३.७०. बेरजा ३.७९ आणि ३.८०. पहिला जिंकला, तो एक शतांश सेकंदाने. त्या वेगात ते अंतर सुमारे दीड मीटर असते.

मुलांचा प्रतिसाद फूटपट्टीने मोजता येतो. एकाने पट्टी उभी धरून न सांगता सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटर घसरली तर ०.२० सेकंद, ३० सेंटिमीटरला ०.२५. सरावाने आकडा थोडाच सुधारतो, पण दर वेळचा चढउतार मात्र कमी होतो. शर्यतीत उपयोगाचे तेच.

थांबणे

डॉन गार्लिट्सचे नाव पुन्हा घ्यावे लागेल. त्या काळी इंजिन चालकाच्या पुढे असे आणि त्याचे पाय क्लच व गिअरपेटीच्या दोन्ही बाजूंना. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात सुटतानाच गार्लिट्सची गिअरपेटी फुटली आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने इंजिन पाठीमागे असलेल्या मोटारीचा विचार सुरू केला. अशा मोटारी आधीही काहींनी करून पाहिल्या होत्या, पण त्या सरळ जात नसत. चालकाने चक्र किंचित हलवले तरी पुढची चाके फार वळत. गार्लिट्सने चक्राचे प्रमाण बदलून ते मंद केले. १९७१ च्या हंगामात त्याने ती मोटार आणली, जिंकूही लागला, आणि थोड्याच वर्षांत पुढच्या इंजिनाच्या मोटारी त्या गटातून नाहीशा झाल्या.

दुसरी घटना २१ जून २००८ ची. न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा या चालकाच्या मोटारीचे इंजिन फुटले, हवाई छत्र्या निकामी झाल्या, आणि पट्टी संपली तरी मोटार थांबली नाही. त्यात त्याचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यापासून सर्वांत वेगवान दोन गटांसाठी अंतर १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर करण्यात आले. थांबायला ९७ मीटर जास्त मिळाले. हा निर्णय शहाणपणाचा होता, पण काही वर्षांतच चालकांनी पाव मैलाचा जुना कमाल वेग ३०५ मीटरमध्येच गाठला. आज ही धाव सुमारे ३.७ सेकंदांत संपते आणि शेवटी वेग ताशी ५३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १४७ मीटर असतो. या दोन आकड्यांवरून एक चांगले उदाहरण बनते. त्वरण कायम असते तर शेवटचा वेग अंतराच्या दुपटीला वेळेने भागून १६५ मीटर यायला हवा होता. प्रत्यक्षात तो कमी आहे. यावरून त्वरण सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी होत गेले असले पाहिजे हे मुलांना काढता आले पाहिजे.

सुमारे १०५० किलोच्या मोटारीची तेव्हाची गतिज ऊर्जा ११ मेगाज्यूलहून अधिक भरते. नुसत्या ब्रेकचे हे काम नव्हे. छत्रीचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून ती जास्त वेगात उत्तम चालते आणि मंद वेगात निरुपयोगी ठरते. तेथे ब्रेक कामी येतात. छत्री उघडताच पाठीला चिकटलेला चालक पट्ट्यांवर पुढे फेकला जातो.

आपल्या शहरांतही रात्री रिकाम्या रस्त्यांवर मोटारसायकलींच्या पैजा लागतात. तेथे ना छत्री, ना थांबायची पट्टी. रस्त्यावर कोरड्यात घर्षणांक ०.७ धरा. ताशी ६० किलोमीटर वेगात एक सेकंद सावरण्यात गेला तर १७ मीटर आणि ब्रेक लावल्यावर २० मीटर, एकूण ३७. ताशी १२० ला सावरण्याचे ३३ आणि ब्रेकचे ८१, एकूण ११४ मीटर. पावसात घर्षणांक ०.४ वर आला की ८१ चे १४२ होतात. हा हिशेब पैज लावणाऱ्या मुलांनी स्वतः केलेला बरा. आपण सांगितलेला ते ऐकत नाहीत.

चालक व्हायचे तर

'सर, रेसिंगची गाडी चालवायची तर काय करावे लागते?' असे विचारणाऱ्या मुलाला आपण बहुधा गप्प बसवतो. अमेरिकेतील उत्तर असे आहे. १९९२ पासून तेथे लहान मुलांसाठी निम्म्या आकाराच्या मोटारींच्या शर्यती भरतात, अंतरही निम्मे. मोठ्यांना आपली नेहमीची मोटार घेऊन पट्टीवर जाता येते. पाव मैल १० सेकंदांच्या आत जाणारी मोटार चालवायची तर शर्यतीचा वेगळा परवाना लागतो. वैद्यकीय तपासणी होते. डोळे बांधून बसवतात आणि ब्रेक, छत्रीची खीळ, इंधन बंद करण्याची कळ एकेक करून दाखवायला सांगतात. धूर किंवा आग असताना डोळ्यांचा उपयोग नसतो. मग आधी अर्ध्या, नंतर पूर्ण धावा, आणि अनुभवी परवानाधारक चालकांच्या सह्या. शर्ली मुल्डाउनी हिने १९७३ मध्ये सर्वांत वेगवान गटाचा परवाना मिळवला. असा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. १९७७, १९८० आणि १९८२ मध्ये ती त्या गटात विजेती झाली.

भारतात शर्यतीचे परवाने फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था देते. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोटारसायकलींच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा झाल्या आहेत, आणि लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर मोटारी व मोटारसायकली दोन्ही धावल्या आहेत.

नवख्याने सुरुवात करण्यासाठी मला सर्वांत आवडतो तो ब्रॅकेट नावाचा प्रकार. यात चालक आपली मोटार किती सेकंदांत पोचेल ते आधीच जाहीर करतो. मोटारीच्या काचेवर तो आकडा लिहिलेला असतो. मंद मोटारीला दोन आकड्यांच्या फरकाइतके आधी सोडतात. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर तुम्ही हरलात! त्यामुळे पंधरा सेकंद घेणारी घरची मोटारसुद्धा दहा सेकंदांच्या मोटारीला हरवू शकते, फक्त आपली वेळ अचूक सांगता आली पाहिजे. त्यासाठी हे लोक प्रत्येक धावेची नोंद ठेवतात : तापमान, हवेचा दाब, आर्द्रता, चाकातील हवा, पहिल्या ६० फुटांना लागलेला वेळ. दुपारी हवा तापून विरळ होते, इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि सकाळची तीच मोटार काही शतांश सेकंद मागे पडते. मग चालक वही उघडून तशाच हवेतली जुनी धाव शोधतो आणि काचेवरचा आकडा पुसून नवा लिहितो.